७२ हजारांचे दोन लाइट, की २६ हजारांत एक?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत नोकरी, पगार हातात ४८,००० रुपये. घरखर्च ३१,०००, दुचाकीचा हप्ता ४,२००, एसआयपी ५,०००. पतसंस्थेत दीड लाखाची ठेव आहे, तिची मुदत पाच महिन्यांनी संपते. बचत खात्यात ४०,०००. दिवाळीला साधारण २५,००० बोनस मिळतो. घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर. हौस फोटोग्राफीची : घरच्यांचे पोर्ट्रेट आणि मिरजेतल्या सतारमेकरांचे, त्यांच्या वाद्यांचे फोटो. ४०० वॉट-सेकंदाचे दोन स्टुडिओ फ्लॅश, सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), छत्री, स्टँड, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं साधन) असा संच रोखीने ७२,००० ला मिळतो. 'नो कॉस्ट' (बिनव्याजी म्हणवणाऱ्या) योजनेत ६,५०० चे १२ हप्ते. खोली १० बाय १२ फूट, छत ९ फुटांवर. हप्त्यावर घ्यावा, ठेव मोडावी, की थांबावं? पुढे ऑर्डरी घेऊन पैसे वसूल होतील असं वाटतं.

उत्तर : हप्त्यावर घेऊ नका आणि ठेवही मोडू नका. हौस मात्र सोडायची गरज नाही. तुमच्या खोलीला आणि तुमच्या विषयांना एकच लाइट पुरतो, तोही ४०० चा नको. गरज नीट मोजली की आकडा ७२ हजारांवरून २६ हजारांवर येतो, आणि तेवढ्यासाठी कर्ज लागत नाही.

आधी हप्ता. ६,५०० गुणिले १२ म्हणजे ७८,०००. तीच वस्तू रोखीने ७२,००० ला, म्हणजे ६,००० जास्त. हे सव्वाआठ टक्के व्याज वाटतं, पण तसं नाही. पूर्ण ७२,००० तुमच्याकडे फक्त पहिला महिनाभर राहतात, नंतर दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं. मांडून पाहिलं तर व्याजदर वर्षाला १५ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजाच्या भागावरही १८ टक्के जीएसटी लागतो. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज कुठेतरी असतंच. इथे ते रोखीची सूट न मिळण्यात दडलं आहे.

त्याहून मोठी अडचण महिन्याच्या शिलकीची. सगळं वजा जाता तुमच्याकडे ७,८०० उरतात. त्यातून हप्ता गेला की १,३०० राहतील. एका दवाखान्याच्या फेरीत ते संपतात आणि मग एसआयपी थांबते.

आता ठेव. घरखर्च आणि दुचाकीचा हप्ता मिळून महिन्याला ३५,२०० लागतात. सहा महिन्यांचे होतात २,११,२००. तुमच्याकडे ठेव आणि बचत मिळून १,९०,००० आहेत, म्हणजे अडीअडचणीची गंगाजळी आधीच २१,२०० ने कमी आहे. गावभागात तळमजल्यावर राहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा ज्यांच्या हाताशी पैसा होता त्यांचं घर लवकर उभं राहिलं. म्हणून दिवाळीचा बोनस आला की त्यातले पहिले २१,२०० इकडे टाका.

ठेवीबद्दल आणखी एक. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. मुदत संपली की ही रक्कम बँकेत हलवा, व्याज थोडं कमी मिळालं तरी. अडीअडचणीचा पैसा जादा व्याजासाठी ठेवायचा नसतो.

आता लाइट. कर्जाचा आकडा तिथूनच फुगला आहे.

वॉट-सेकंद, म्हणजे फ्लॅशची ताकद, दुप्पट केले की प्रकाश एकच स्टॉप वाढतो (स्टॉप म्हणजे प्रकाशाची एक पायरी, दुप्पट किंवा निम्मा). २०० आणि ४०० मधला फरक आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) १०० वरून २०० केला की मिटतो. १० बाय १२ च्या खोलीत तुमचा त्रास उलटा असेल : प्रकाश कमी पडणार नाही, जास्त होईल. ४०० चा लाइट ९० सेंटिमीटर सॉफ्टबॉक्समधून चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर पूर्ण ताकदीने मारला तर आयएसओ १०० ला साधारण एफ १६ मिळतो (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). तुम्हाला पोर्ट्रेट एफ ४ ला हवं आहे, म्हणजे चार स्टॉप खाली, म्हणजे पूर्ण ताकदीच्या १/१६. या वर्गातले बरेच स्वस्त लाइट १/१६ च्या खाली जातच नाहीत. एफ २.८ वापरायचं म्हटलं तर लाइट लांब न्यावा लागेल आणि खोलीत तेवढी जागा नाही, नाहीतर लेन्सवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) चढवावा लागेल. ४०० चा १/१६ म्हणजे २५ वॉट-सेकंद. १/३२ पर्यंत उतरणारा ३०० चा लाइट साडेनऊ वॉट-सेकंदांच्या आसपास जातो, जवळजवळ दीड स्टॉप खाली. घरच्या खोलीत वरच्या ताकदीपेक्षा हे खालचं टोक जास्त कामाचं. दुकानात विचारताना 'किती वॉटचा?' एवढ्यावर थांबू नका, 'कमीत कमी कितीपर्यंत उतरतो?' हेही विचारा.

प्रकाश मऊ होतो तो ताकदीने नाही, चेहऱ्यावरून दिसणाऱ्या आकाराने. ९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स तीन फुटांवर मऊ सावली देतो. तोच आठ फुटांवर नेला की कडक होतो. अंतर सॉफ्टबॉक्सच्या व्यासाएवढं, फार तर दुप्पट ठेवा. जवळ ठेवण्याचा आणखी एक फायदा : अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. चेहरा लाइटपासून तीन फुटांवर आणि मागची भिंत सहा फुटांवर असेल तर पांढरी भिंत दोन स्टॉपने काळवंडते, करडा पडदा विकत घ्यावा लागत नाही.

छोट्या खोलीचा खरा शत्रू म्हणजे भिंती. छत्रीतून निघालेला प्रकाश छत, भिंती, कपाट, सगळीकडे आदळून परत येतो आणि सावल्या भरून टाकतो. भिंत पिस्ता किंवा आकाशी असेल तर तो रंग गालावर दिसतो. म्हणून छत्री नको, ग्रिड (प्रकाश बाजूला पसरू न देणारी जाळी) असलेला सॉफ्टबॉक्स घ्या. आत दुसरा, मधला पडदा आहे ना हे बघा. तो नसेल तर मध्ये प्रखर ठिपका पडतो, कडा मंद राहतात आणि मोठ्या आकाराचा उपयोग संपतो. दुसऱ्या लाइटचं काम तीन बाय चार फुटांचा पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका फळा) करतो. सावलीच्या बाजूला चेहऱ्यापासून दोन फुटांवर धरा. सावली गडद हवी असेल तर तिथेच काळं कापड लटकवा.

तंबोऱ्याचं गणित निराळं आहे, आणि मला तुमच्या पत्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या कारागिरांकडे आपल्या वाद्यांचे चांगले फोटो असणं गरजेचं आहे. वाद्याचा पॉलिश केलेला भोपळा मात्र प्रकाश कमी पसरवतो आणि आरशासारखा परत जास्त फेकतो, वर तो फुगीर असल्यामुळे जवळजवळ सगळी खोली त्यात दिसते. दोन लाइट लावले तर दोन पांढरे डाग दिसतील. त्या चकाकीला घालवता येत नाही, फक्त आकार देता येतो. चार बाय पाच फुटांच्या लाकडी चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवा, ती भोपळ्यापासून फूटभर अंतरावर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी करा, आणि लाइट तिच्या मागे तीन फुटांवर. लाइट कागदाजवळ आणला की चकाकी लहान आणि तिखट होते, मागे नेला की पसरते आणि तिच्या कडा विरतात. चकाकी हवी त्या जागी येईपर्यंत लाइट नाही, चौकट हलवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) सपाट तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर, ठराविक कोनात मदत करेल, गोल भोपळ्यावर अर्धवटच.

२६,००० ची वाटणी अशी ठेवा. ही तुमच्या खर्चाची मर्यादा आहे, बाजारभावाची यादी नव्हे : लाइट १३,०००, त्याच कंपनीचा तुमच्या कॅमेऱ्याला चालणारा ट्रिगर ४,५००, ग्रिडसह सॉफ्टबॉक्स ४,५००, स्टँड २,५००, वाळूची पिशवी, सनबोर्ड, कापड आणि चौकट मिळून १,५००. लाइट बोवेन्स कंपनीच्या पद्धतीच्या माउंटचाच (सॉफ्टबॉक्स अडकवण्याची खाच) घ्या. ती कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं माउंट अनेक कंपन्या वापरतात, म्हणून आजचा सॉफ्टबॉक्स उद्याच्या लाइटवरही बसेल. स्टँडवर पैसे वाचवू नका. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स पुढे जड होतो. स्टँडचा एक पाय त्याच्याच दिशेला ठेवा आणि त्या पायावर चार-पाच किलो वाळू. बहुतेक लाइट फुटतात ते पडून.

हे २६,००० आणायचे कुठून? ६,५०० चा हप्ता झेपेल असं तुम्हीच ठरवलं होतं. तेच ६,५०० चार महिने वेगळ्या खात्यात टाका. मधल्या काळात सांगलीत एखादा स्टुडिओ तासावर भाड्याने मिळतो का ते विचारा आणि दोन-तीन रविवार तिथे एकाच लाइटवर काम करून बघा. तासाला ४०० धरले तर तीन तासांचे १,२००. ७२,००० मध्ये असे ६० रविवार बसतात. महिन्यातून दोनदा गेलात तरी अडीच वर्षं.

वापरलेला लाइट मिळाला तर जरूर बघा. पूर्ण ताकदीवर सलग २० वेळा उडवा. प्रत्येक वेळी तेवढ्याच सेकंदांत पुन्हा तयार होतो का आणि फोटोंचा उजेड सारखा येतो का ते तपासा. फ्लॅशची नळी काळी पडलेली असेल तर सोडून द्या. फार जुन्या फ्लॅशची तार थेट कॅमेऱ्याला जोडू नका, त्याच्या ट्रिगरचं व्होल्टेज कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतं. बंद पडला तर घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा साठा राहतो. नवा घेताना पक्कं बिल घ्या आणि दुरुस्ती कोल्हापुरात होते की पुण्याला पाठवावी लागते हे आधीच विचारा. घरच्या इन्व्हर्टरवर लाइट चालवू नका.

पहिल्या दिवशी शटर १/१६० ला ठेवा. कॅमेऱ्याच्या सिंक वेगापलीकडे (फ्लॅशबरोबर चालणारा सर्वांत जास्त शटर वेग) गेलात की फोटोत काळी पट्टी येते, आणि स्वस्त ट्रिगरने ती त्याच्या थोडी आधीही येते. १/१६०, एफ ५.६, आयएसओ १०० ला फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळा आला पाहिजे. ट्यूबलाइट दिसत असेल तर ती बंद करा, नाहीतर दोन रंगांचा प्रकाश मिसळेल.

ऑर्डरींबद्दल. त्या भरवशावर आज कर्ज काढू नका, पण आल्या तर घ्या. नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का ते बघा. ही मिळकत व्यवसायाची धरली जाते, तेव्हा आयटीआर-१ (पगारदारांचं साधं आयकर विवरणपत्र) चालत नाही. अनुमानित पद्धतीने (उलाढालीचा ठराविक हिस्सा नफा धरून) आयटीआर-४, नाहीतर आयटीआर-३. घराचा विमा असेल तर त्यात घरातलं सामान आणि पूर दोन्ही येतात का ते वाचा, आणि सामान कमाईसाठी वापरायला लागलात तर तसं कंपनीला कळवा. लाइट माळ्यावर ठेवा, पावसाळ्यात जमिनीवर नाही.

दुसरा लाइट घ्यायचा तर अट एकच ठेवा : सलग तीन महिने ऑर्डरीचे पैसे खात्यात आलेले असावेत आणि तो त्याच पैशातून यावा. तोपर्यंत सनबोर्डवर काम होईल.