वाचक विचारतात : गोबरगॅसमध्ये पाचट चालेल का?

प्रश्न : वडिलांनी बांधलेला २ घनमीटरचा, तरंगत्या लोखंडी टाकीचा गोबरगॅस आमच्याकडे आहे. पूर्वी दावणीला सहा जनावरे होती, आता दोनच म्हशी उरल्याने टाकी अर्ध्याहून वर येत नाही. उसाचे पाचट आणि भाजीपाल्याचा पाला घरचाच आहे आणि शेजारच्या गुऱ्हाळातली मळी फुकट मिळते. शेणाऐवजी हे घालता येईल का?
— एक शेतकरी, संकेश्वर परिसर

उत्तर : शेणाऐवजी नाही, शेणाबरोबर काही गोष्टी घालता येतील, पण पाचट त्यांत नाही. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, तर आपल्या दोन म्हशींचे शेण २५ किलोच्या आसपासच भरत असेल, म्हणजे टाकीत बिघाड नसून ती अर्धपोटी आहे. एवढ्या शेणातून साधारण १ घनमीटर गॅस मिळतो आणि तो सिलिंडरमधल्या सुमारे ४३० ग्रॅम गॅसइतके काम देतो.

गॅस तयार करणारे जिवाणू हवेवाचून जगतात आणि त्यांना कर्ब व नत्र ठरावीक प्रमाणात, म्हणजे नत्राच्या २० ते ३० पट कर्ब, असे लागतात. शेणात हे प्रमाण मुळातच २५ च्या जवळपास असते, भाताच्या पिंजरात ते ७० च्या घरात जाते आणि पाचटात तर १०० च्याही पुढे. शिवाय पाचटातला लाकडासारखा भाग या जिवाणूंना पचत नाही. ते आत तरंगते, वर जाड साय धरते, प्रवेशनळी तुंबवते आणि टाकी वर येताना अडते. पाचट सरीतच पसरून कुजवावे, ते तिथेच कामाला येते. उसाचे हिरवे वाढे मात्र म्हशींना घालावेत, कारण आपल्याकडचे सर्वांत चांगले दळणयंत्र म्हशीच्या पोटातच आहे.

पाला, साली, नासकी भाजी यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करावेत, ते दोन-तीन दिवस शेणकाल्यात भिजवावेत आणि मगच घालावेत; सुरुवातीला वजनाने शेणाच्या चौथाईपेक्षा जास्त घालू नयेत. मळीचा मोह सर्वांत मोठा आणि धोकाही तिचाच. तिच्यातल्या साखरेचे आम्ल झपाट्याने होते, पण आम्लाचा गॅस करणारे जिवाणू संथ असतात. ते मागे पडले की आतला काला आंबतो. म्हणून दिवसाला एक-दोन लिटर मळी पाण्यात कालवून घालावी आणि आठवडाभर अंदाज घ्यावा. बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबट वास येऊ लागला किंवा गॅस येऊनही पेटेनासा झाला, तर पाला व मळी लगेच थांबवावी, काही दिवस काहीच घालू नये, मग थोड्या ताज्या शेणाने पुन्हा सुरुवात करावी. टाकी रोज सकाळी डावी-उजवीकडे चार-पाच वेळा फिरवावी म्हणजे साय मोडते. साय काढण्यासाठी विहिरीत उतरण्याचा विचारही करू नये. आतल्या वायूने माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो.

प्रश्न : आमच्या गोबरगॅसची ज्योत पावसाळ्यापासून पिवळी दिसते आणि फडफडते. थंडीत गॅसही कमी झाला आहे.
— एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर : फडफड बहुधा नळीत साठलेल्या पाण्याची आहे. गॅसबरोबर बाष्प येते आणि नळीच्या सखल भागात त्याचे पाणी होते, म्हणून तिथली तोटी उघडून ते काढून टाकावे. मग शेगडीची हवेची झडप थोडी उघडून ज्योत निळी होते का पाहावे. सिलिंडरची शेगडी जोडली असल्यास तिचे जेट गोबरगॅसला बारीक पडते, तेव्हा गोबरगॅसचीच शेगडी घ्यावी. थंडीत गॅस घटणे स्वाभाविक आहे, कारण हे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात आणि १५ अंशांखाली जवळजवळ थांबतात. शेण कोमट पाण्यात कालवून दुपारच्या उन्हात घातल्यास थोडा फरक पडेल.