ऐकलेलं आणि वाटलेलं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी नीट बोललो नाही. रात्री साडेदहानंतर मला ऐकू कमी येतं आणि राग लवकर येतो. म्हणून लिहितोय.

परराष्ट्र सेवेतल्या तुझ्या साहेबांनी तुझ्या भेटीच्या टिपणातलं एक वाक्य खोडलं आणि समासात ‘सूर सकारात्मक ठेवावा’ असं लिहिलं. तेवढ्यावरून तू चिनी भाषा सोडून फ्रेंच घेऊ का म्हणून विचारतेस. अगं, फ्रेंचमध्येही साहेब असतात. मी एवढंच विचारलं होतं की त्या वाक्यात समोरचे काय बोलले ते होतं, की तुला काय वाटलं ते. तू जरा वेळ गप्प बसलीस आणि म्हणालीस, “दोन्ही असेल, काका.” तिथे माझं डोकं फिरलं.

ऐकलेलं आणि वाटलेलं एका वाक्यात घालायचं नाही. ऐकलेलं आधी, पूर्णविराम, मग वाटलेलं. यापलीकडे मला या धंद्यातलं फारसं काही कळत नाही, पण एवढं कळतं.

पणिक्कर भोळे होते की लबाड, हा तुझा प्रश्न टीव्हीवरच्या चर्चेला शोभतो. के. एम. पणिक्कर १९४८ साली नानकिंगला च्यांग कै-शेक यांच्या सरकारकडे आपले राजदूत म्हणून गेले. ते सरकार कोसळलं आणि १९५० साली तेच पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, माओंच्या सरकारकडे राजदूत म्हणून हजर. त्या वर्षी कोरियाचं युद्ध चालू होतं, आणि २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान झौ एन-लाय यांनी त्यांना झोपेतून उठवून बोलावलं. दक्षिण कोरियाचं सैन्य वर सरकलं तर ती गोष्ट वेगळी, पण अमेरिकेने दोन्ही कोरियांमधली ३८ वी अक्षांशरेषा ओलांडली तर चीन स्वस्थ बसणार नाही, असा निरोप होता. झौंच्या तोंडचं क्रियापद होतं ‘ग्वान’. आपण ‘बघून घेऊ’ म्हणतो, त्यात लक्ष घालणंही आलं आणि दमही आला, तसा तो शब्द. पणिक्करांनी निरोप कळवला. दक्षिण कोरियाचा आणि अमेरिकेचा फरकसुद्धा गाळला नाही. दिल्लीने तो पुढे लंडन-वॉशिंग्टनला पोचवला आणि तिथे तो कोणी मनावर घेतला नाही. हा माणूस चिनी कम्युनिस्टांच्याच बाजूने खेळत आलाय, अशा अर्थाचं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात उतरत होत्या.

म्हणजे जसंच्या तसं कळवूनही उपयोग झाला नाही, असंच म्हणणार ना तू? थांब.

त्याच वर्षी तिबेट पेटलं होतं आणि तिथे याच पणिक्करांची लेखणी घसरली. चीनची तिबेटवर सुझरेन्टी आहे, म्हणजे वरचढपणाचा मान आहे, एवढंच आपण मानत होतो. पेकिंगला गेलेल्या आपल्या खलित्यात मात्र सॉव्हरेन्टी गेलं, पुरतं सार्वभौमत्व. एक शब्द. ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना जे पत्र लिहिलं, त्यात या राजदूताची बाजू जमेल तितक्या सहानुभूतीने वाचूनही ती पटत नाही, तो चीनच्या वागण्याला कारणं शोधत बसतो, असा ठपका आहे. अमेरिकेचा अविश्वास तिबेटमुळे नव्हता, कबूल. पण ज्याचं ऐकणं आणि ज्याचं मत वेगळं काढता येत नाही, त्याचा खरा निरोपही मतातच जमा होतो. दुसऱ्यांचा दोष यात होताच, आणि तो मी पणिक्करांवर ढकलत नाही. (थोडा ढकलतोय. इतिहासकार माणूस, त्याला हे कळायला हवं होतं.)

खरी जखम पुढची आहे. तिबेटबद्दलचा १९५४चा भारत-चीन करार तू पाठ केला असशील. परीक्षेत पंचशील विचारतात. ती पाच तत्त्वं बाजूला ठेव आणि खिंडींचं कलम वाच. शिपकी, माना, नीती, कुंग्री बिंग्री, दारमा, लिपुलेख. चिनी मसुद्यात होतं की चीन सरकार या खिंडी ‘खुल्या करत आहे’. आपल्या लोकांनी आक्षेप घेतला, कारण खुलं करतो तो मालक. शेवटी ‘दोन्ही देशांचे व्यापारी आणि यात्रेकरू या खिंडींतून ये-जा करू शकतील’ यावर तडजोड झाली. चार महिने घासाघीस चालली, २९ एप्रिलला सह्या झाल्या, आणि सीमेबद्दल अवाक्षर नाही. ते बोलले नाहीत, आपणही विषय काढला नाही.

‘ते सीमेबद्दल बोलले नाहीत’ हे ऐकलेलं. ‘म्हणजे त्यांना आपली सीमा मान्य आहे’ हे वाटलेलं. दिल्लीत या दोन वाक्यांचं एक वाक्य झालं. पणिक्करांचा सल्ला तसाच होता. मुरलेले मुत्सद्दी गिरिजाशंकर बाजपेयी यांना ते पटलं नव्हतं. ते तेव्हा मुंबईच्या राजभवनात राज्यपाल होते, तिथून बोलून किती ऐकू जाणार? २३ जानेवारी १९५९ला झौंचं नेहरूंना पत्र आलं. सीमा कधी रीतसर आखलेलीच नाही, आणि १९५४ साली विषय काढला नाही कारण वेळ आली नव्हती. वाच ते एकदा, पुन्हा वाच, आणि मग मला सांग की टिपणातल्या एका पूर्णविरामावरून म्हातारा उगाच आरडाओरडा करतो.

१९६१नंतर पंधरा वर्षं पेकिंगला आपला राजदूतच नव्हता, प्रभारी अधिकारी असायचे. १ मे १९७० रोजी माओंनी आपले तेव्हाचे प्रभारी ब्रजेश मिश्र यांचा हात हातात घेऊन, असं भांडत किती दिवस राहायचं, पुन्हा मित्र होऊ, असं म्हटलं. मिश्रांनी शब्द तारेने कळवले. इकडे चर्चा रंगली ती माओंच्या हसण्याची. के. आर. नारायणन राजदूत म्हणून गेले ते १९७६ साली.

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

वसंतराव परांजपे १९५४ साली नेहरू आणि माओ यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसले होते. मराठी माणूस हे करू शकतो, एवढ्यावर मी चिनी शिकलो. ऐंशीच्या दशकात एका व्यापारी शिष्टमंडळाबरोबर गेलो. आमच्या प्रस्तावावर समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, “यान्जिउ यान्जिउ.” अभ्यास करू, बघू. पुण्यात ‘या एकदा घरी’ म्हणतात, त्याच्याइतकाच त्याचा अर्थ. मला तो अर्थ माहीत होता. साहेबांचा चेहरा बघून मी टिपणात लिहिलं, ‘प्रतिसाद सकारात्मक’. तेव्हा आई आजारी होती, बदली तोंडावर होती, आणि खोटं असं मी काही लिहिलं नव्हतं. हसले तर होतेच ते. त्या दोन शब्दांवर ती फाइल दोन वर्षं फिरत राहिली आणि तिच्यामागे एका गरीब अधिकाऱ्याची दोन वर्षं गेली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी हट्टी झालो. दोन चांगल्या नेमणुका त्या हट्टापायी गेल्या. मला त्याचं काही वाटत नाही. तुझी काकू हे वाचून हसतेय, पण खरंच वाटत नाही.

तेव्हा उद्या साहेबांकडे जा. वाक्य परत घाला म्हणून भांडू नकोस, त्याची दोन वाक्यं कर. पहिलं त्यांचं, शब्द बदलायचा नाही. दुसरं तुझं, ‘माझ्या मते’ लावून. दुसरं खोडलं तर खोडू दे, तो त्यांचा अधिकार. पहिलं खोडायला लागले तर तारीख घालून त्याखाली सही मागायची, नम्रपणे. सही मागितली की बहुतेक पेन्सिली थांबतात. आणि टिपण मला दाखवायला पाठवू नकोस. गोपनीय कागद काकांना पाठवायचा नसतो, हे तरी अकादमीत शिकवलं असेल.

भाषा बदलू नकोस. विजय गोखले आणि त्यांच्यामागोमाग गौतम बंबवाले बीजिंगला राजदूत झाले तेव्हा इथे काय कौतुक चाललं होतं. तुझ्या वेळचे पेढे मी आणीन, पण आधी शब्द पाठ कर.

माझा कोश काकूने कापडात बांधून ठेवलाय, दिवाळीला आलीस की घेऊन जा. ‘वाय’ अक्षरापासूनची पानं सुटी झाली आहेत, उघडताना सांभाळ.

तुझा,
काका