बिभीषण कोणाच्या बाकावर बसला?

प्रिय बाबू,

तुझं पत्र परवा रात्रपाळी करून आल्यावर वाचलं आणि झोपायच्या आधी पुन्हा एकदा वाचलं. आजीबरोबर देवळात दशावतारी नाटकाचा कालो बघायला गेलास, पहाटे हंडी फुटेपर्यंत जागा राहिलास, हे वाचून इथे मस्कतच्या खोलीत मला खाज्यांचा वास आल्यासारखं झालं. माझ्या वाटणीचं खाजं डब्यात ठेवलंयस ना?

आता तुझा प्रश्न. कालोत बिभीषण सख्ख्या भावाला सोडून शत्रूकडे गेला, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाढदिवसाला ओवाळताना आजी म्हणते त्या सात चिरंजीवांच्या श्लोकातही त्याचं नाव आहे. आणि तुमच्या वाड्यावरचा तुझा मित्र पलीकडच्या वाड्याच्या फुटबॉल टीममध्ये गेला, तर तुम्ही सगळ्यांनी त्याला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटलंत. आपली माणसं एकाला हात जोडतात आणि दुसऱ्याला शिवी देतात, ते का?

मी तुझ्याएवढी असताना हाच प्रश्न मला त्याच देवळासमोर पडला होता. तू पाहिलंस ना, दशावतारात मांडणी म्हणून एवढं एक बाक असतं. तेच रावणाचं सिंहासन. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, त्यावर पाय रोवून बसला, पेटीवाल्याने सूर धरला की लंका उभी राहते. त्या रात्री रावणाने बिभीषणाला लाथ मारली आणि त्याचा मुकुट खाली पडला. त्याने तो उचलला, पदराने पुसावा तसा शेल्याने पुसला, पण डोक्यावर ठेवला नाही. काखेत धरला. मृदुंग वाजत होता. त्याने रंगमंचाला एक फेरी मारली, तेवढ्यात रावण आत गेला आणि बाकावर राम येऊन बसला. फेरी संपवून बिभीषण त्याच बाकापुढे वाकला. मला ते सहन झालं नाही. मी तुझ्या आजोबांचा हात ओढून विचारलं, हा तर तिकडचा, इकडे कसा आला? ते म्हणाले, “तो कितें उलयता तें आयक.” तो काय बोलतो ते ऐक.

दशावतारी नटांकडे लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि बोलणं जागच्या जागी सुचतं. त्यामुळे बिभीषण काय बोलतो, यावर सगळं अवलंबून. त्या रात्रीचं बोलणं मला आज शब्दशः आठवत नाही, पण एवढं पक्कं आठवतं की जाण्यापूर्वी तो भर दरबारात, रावणाच्या तोंडावर बोलला होता. रामायणातही तसंच आहे. सीतेला परत कर, असं तो सभेत सांगतो. त्याआधी हनुमानाला मारायला निघाले, तेव्हा दूताला मारू नये म्हणून आडवा आला तोही तोच. ऐकलं नाही तेव्हा तो निघाला, चार सोबत्यांसह, सगळ्यांच्या देखत. पलीकडेही त्याला कोणी लगेच जवळ घेतलं नाही. हा शत्रूचा हेर असेल, मारा याला, असं सुग्रीव म्हणाला. हनुमानाने त्याची बाजू घेतली आणि रामाने अभय दिलं.

फितूर माणूस असा जात नाही. तो जेवायला आपल्याच पंगतीत बसतो आणि रात्री दिंडीदरवाजा उघडतो. सूर्याजी पिसाळाची जी कथा आपल्याकडे सांगतात ती अशीच आहे. १६८९ साली रायगडाला मोगलांचा वेढा पडला होता. संभाजी महाराज गेले होते, गडावर येसूबाई आणि लहानगा शाहू. गड पडला आणि मायलेक कैदेत गेले. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी आतून फितला, असं लोक म्हणतात. त्याने खरोखर काय केलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण नाव मात्र शिवीसारखं चिकटलं ते चिकटलंच. म्हणून ते नाव कोणावर फेकण्याआधी थोडा थांबत जा, बाबू. नेताजी पालकर १६६६ साली विजापूरकरांकडे गेला, मग मोगलांकडे, तिथे धर्म आणि नावही बदललं. दहा वर्षांनी तो परत आला आणि शिवाजी महाराजांनी त्याला जवळ केलं. त्याच्या नावाची शिवी झाली नाही.

महाभारतात मला सगळ्यात जास्त आवडतो तो युयुत्सू. त्याचं नाव कालोत क्वचितच येतं. धृतराष्ट्राचाच मुलगा, पण आई दासी म्हणून कौरवांत कायम कडेला. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिल्यावर युधिष्ठिराने हाक दिली, ज्याला आमच्याकडे यायचंय त्याने यावं. सगळ्यांसमोर तो एकटा चालत निघाला. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी युद्धातून वाचला तो तोच. विकर्णाने द्रौपदीसाठी सभेत तोंड उघडलं, पण राहिला भावांकडे आणि भीमाच्या हातून मेला. मला त्याचाही राग येत नाही. कर्णाचा तर नाहीच. पांडव तुझे भाऊ आहेत हे कळूनही तो दुर्योधनाला सोडून गेला नाही.

शल्याचं मात्र मला कधी पटलं नाही. नकुल-सहदेवांचा मामा, दुर्योधनाच्या पाहुणचारात अडकून कौरवांकडून लढला. कर्णाचा सारथी झाला आणि त्याच रथात बसून कर्णाचं खच्चीकरण करत राहिला. आणि ते त्याला करायला सांगितलं होतं युधिष्ठिराने! बाजू बदलायची तर रथातून उतरावं.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. बिभीषणाबद्दल माझ्या मनातही एक काटा आहे. रावणाचा मुलगा इंद्रजित लंकेतल्या निकुंभिलेत होम करत होता, तो पुरा झाला असता तर इंद्रजित कोणाकडून हरला नसता. ती जागा, तो वडाचा वृक्ष लक्ष्मणाला दाखवला बिभीषणाने. म्हणजे घरातलं गुपित त्यानेही सांगितलंच. तिथे इंद्रजित काकाला म्हणतो, आपला माणूस गुणहीन असला तरी तोच बरा, परका शेवटी परकाच. हे वाचलं की माझ्या पोटात तुटतं, कारण त्या पोराचंही खोटं नाही. आणि बिभीषण? तो म्हणतो, याला मारायची माझी इच्छा आहे, पण डोळ्यांत पाणी येऊन मला दिसेनासं होतं. पुतण्याच तो! पुढे लंकेचं राज्य बिभीषणालाच मिळालं, हेही खरं. तरी मी त्याला हात जोडते ते त्या पाण्यासाठी.

आता तुझ्या मित्राचं. पत्राच्या अगदी शेवटी, घाईघाईत तू एक ओळ लिहिली आहेस: कॅप्टनने त्याला ओळीने तीन मॅच बाहेर बसवलं होतं. बाबू, ती ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. त्याने तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का? कोणी ऐकलं होतं का? तू ऐकलंस का? तुमच्या कॉर्नरच्या खुणा त्याने पलीकडे सांगितल्या असतील तर तुला राग येणं बरोबर आहे, तसं त्याला स्पष्ट बोल. पण आधी त्याच्या घरी जा. संध्याकाळी जा, त्याची आई घरी असते तेव्हा, आणि माझ्यासाठी ठेवलेलं खाजं घेऊन जा. तो काय म्हणाला ते मला लिही.

आजीला सांग, मी मेमध्ये येतेय.

तुझी,
आई