सीआरपी उतरला की एकक बदललं?

प्रश्न : बाबा 71 वर्षांचे, मधुमेह आहे. फ्लूची तपासणी पॉझिटिव्ह आली. पहिल्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) 38 होता, तिसऱ्या दिवशी शहरातल्या लॅबमध्ये 6.1. आम्ही निश्चिंत झालो, तर डॉक्टर म्हणतात वाढलाय! 2021 मधल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घरात आहेत. शेजारी म्हणतात सुरू करा. द्याव्यात का? (झेरॉक्स सोबत.)
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : झेरॉक्सवर आकड्याच्या उजवीकडचं बारीक अक्षर वाचलंत का? पहिल्या रिपोर्टवर मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, दुसऱ्यावर प्रति डेसिलिटर. 6.1 ला दहाने गुणा. 61 झाले. डॉक्टर बरोबर आहेत. रक्ताच्या गुठळ्यांसाठीच्या डी-डायमर तपासणीत तर याहून घोळ. लॅबच्या पद्धतीप्रमाणे तेच रक्त दुप्पट आकडा दाखवू शकतं.

सीआरपी यकृतात तयार होतो. फ्लूने वाढतो, गळवाने वाढतो, किडक्या दातानेही. तिसऱ्या दिवशी तो चढतोय म्हटल्यावर फ्लूवर जिवाणूंचा न्यूमोनिया तर बसला नाही ना, ही शंका डॉक्टरांना येणारच. छातीचा एक्स-रे सांगितला तर का-कू करू नका.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, माझ्या टेबलावर फाइली आधी यायच्या, पेशंट मागून. सीआरपी, फेरिटिन, एलडीएच अशा रक्ततपासण्या, सगळ्यांभोवती लाल पेनाचे गोल. एक एसटी कंडक्टर आठवतात. सीआरपी जेमतेम 12, मुलगा म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट चांगलेत, घरी नेतो." मी त्यांना व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. ऑक्सिजन 95 वरून 88 वर आला. दाखल करून घेतलं.

आता गोळ्या. देऊ नका. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीत 2020 साली डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना काही फायदा दिसला नाही. पुढे त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब हे दाह रोखणारं औषध द्यायचं ठरलं, तेव्हाही सीआरपी 75 च्या वर एवढ्यावर भागलं नाही, ऑक्सिजनही कमी असावा लागे. शिवाय हे सगळं कोविडचं. बाबांना फ्लू आहे. त्यात मधुमेह. स्टेरॉइडने साखर कशी उसळते आणि काळी बुरशी कशी शिरते, हे महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिलंय. (शेजाऱ्यांच्या औषधांवर वेगळं सदर काढावं लागेल.)

ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध सुरू केलंय का, ते पत्रात नाही. पहिल्या 48 तासांत त्याचा गुण जास्त, तरी या वयात उशीर झाला म्हणून सोडत नाहीत. आजच विचारा. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, धाप लागली किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. पुढचा सीआरपी मात्र एकाच लॅबमध्ये करा.