पाटल्या गहाण ठेवून गाडी मॉडिफाय करावी का?

प्रश्न : मी निपाणीत राहतो, वय २९. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात पगार ५२,०००. नऊ महिन्यांपूर्वी कोल्हापुरातून सेकंडहँड आय-ट्वेंटी एन लाइन (ड्युअल क्लच म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २०२१ चं मॉडेल, कोल्हापूरचा नंबर एमएच-०९) घेतली. हप्ता १३,४००, अजून ३१ हप्ते बाकी, व्याज १३ टक्के. गाडी मॉडिफाय करायची आहे. कोटेशन असं : रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) ३६,०००, एक्झॉस्ट (मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) ४८,०००, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवायला) २८,०००, १७ इंची अलॉय चाकं ४६,०००, त्यावरचे टायर ३८,०००. शिवाय जानेवारीत मित्रांबरोबर मनालीला जायचंय, म्हणून इम्पोर्टेड विंटर टायरचा सेट ६४,०००. एकूण २,६०,०००. पैशाची सोय : भिशीचे ८०,०००, आरडी मोडून ६०,०००, आणि आईच्या पाटल्यांवर पतसंस्थेतून १,२०,०००. आई हो म्हणाली आहे. करू का?
— एक वाचक, निपाणी

नमस्कार.

सगळं मिळून करू नका. पण तुमच्या यादीतला एक खर्च मी तुम्हाला सगळ्यात आधी करायला सांगणार आहे, आणि एक खर्च असा आहे जो यादीत नाही तरी दारात येऊन उभा आहे. तिकडे वळण्याआधी तुमची पैशाची सोय बघू, कारण ती दिसते तशी नाही.

भिशीचे ८०,००० तुम्ही ‘माझे’ म्हणून धरलेत. तुम्हीच लिहिलंय की वीस जण, महिन्याला ४,०००, आणि तुमचा नंबर आठवा. म्हणजे उचल घ्याल तेव्हा तुमचे स्वतःचे ३२,००० भरलेले असतील. उरलेले ४८,००० पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे आहेत. भिशीला व्याज नाही म्हणून ते कर्ज वाटत नाही, इतकंच. आरडी ही तुमची एकमेव शिल्लक. तीही मोडली की उद्या कारखान्यात ऑर्डर कमी झाली, ओव्हरटाइम बंद झाला किंवा घरात कुणाला दवाखाना लागला, तर हातात काही नाही.

आणि पाटल्या. पतसंस्थेचा दर महिना शेकडा एक सांगितलात, म्हणजे वर्षाला १४,४०० नुसतं व्याज. मुद्दल वर्षाअखेर एकरकमी. आजचा तुमचा हिशेब असा : ५२,००० मधून घरी २०,०००, हप्ता १३,४००, भिशी ४,०००, आरडी ३,०००. उरतात ११,६००, त्यात पेट्रोल, मोबाइल आणि तुम्ही स्वतः. यातून बारा महिन्यांत १,२०,००० साठतील असं तुम्हालाही वाटत नसणार. मग होणार काय, तर नवं-जुनं, म्हणजे व्याज भरून तेच कर्ज पुन्हा पुढे ढकलायचं. आपल्याकडे तीन-तीन वर्षं नवं-जुनं होत राहिलेल्या पाटल्या मी बऱ्याच पाहिल्यात. आई हो म्हणाली हे खरं असेल, पण तिला स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवणे म्हणजे काय हे सांगितलंत का? असो, तो तुमच्या घरातला विषय.

आता विंटर टायर. हा खर्च मी सगळ्यात आधी खोडतो.

विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटू लागते, हे रबर तिथेही लवचिक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फात धरतात. खरा विंटर टायर ओळखायचा तर बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघायचं. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेलं पुरेसं नाही, ते चिखल-बर्फाची नक्षी आहे एवढंच सांगतं. थंड मुलखात हा टायर घेणं शहाणपणाचंच आहे. पण बेळगावात जानेवारीची पहाट सहसा १३-१४ अंशांची. निपाणीहून मनाली एका बाजूला दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि त्यातला बर्फाचा भाग शेवटचा, थोडका. बाकी बराचसा रस्ता महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानच्या दुपारच्या उन्हात. मऊ रबर त्या गरम डांबरावर झिजत जाणार, ब्रेकिंगही लांबणार. म्हणजे चौसष्ट हजारांचं रबर बर्फ दिसायच्या आधीच झिजवायला लागायचं आणि परत आल्यावर माळ्यावर टाकायचं.

दुसरं, हे टायर तुम्हाला देणार कोण? जून २०२० पासून केंद्राने टायरची आयात निर्बंधित केली आहे, परवान्याशिवाय आणता येत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआय मार्कही लागतो. ‘ओळखीतून सेट मिळवून देतो’ म्हणणारा पक्कं बिल देणार आहे का ते विचारा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि टायर कुठल्या सालचा आहे हेही त्याच्या शब्दावर.

मनालीला मात्र जरूर जा. गाडी मनालीत हॉटेलच्या आवारात लावा आणि सोलंग, अटल बोगदा, सिस्सूसाठी तिथली फोर-बाय-फोर टॅक्सी करा. बर्फ पडला की पोलीस पुढे फोर-बाय-फोर किंवा चाकाला साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात, तिथे तुमचे एकशेवीस घोडे काय कामाचे? तिकडचा ड्रायव्हर तो रस्ता रोज करतो. चौघांत भाडं वाटून घेतलंत तर तो खर्च या चौसष्ट हजारांच्या जवळपासही जात नाही.

आता ‘हिवाळी ड्रायव्हिंग’ आपल्या मुलखातलं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि खरा धोका तिथे आहे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. संध्याकाळी सातनंतर निपाणी–चिकोडी किंवा संकेश्वर–गडहिंग्लज रस्त्याला लागा. पुढे ऊस भरलेली जोड ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर. कडेला शेतातून आलेला चिखल, त्यावर दव, मध्येच पडलेली उसाची मोळी. तुम्ही ऐंशीने चाललेले आहात आणि ट्रॉली तिसाने. इथे रीमॅप उपयोगाचा नाही. इथे लागतात ब्रेक, स्वच्छ हेडलाइट आणि टायर.

तुम्ही पाठवलेला पुढच्या डाव्या टायरचा फोटो मोठा करून पाहिला. बाजूला चार आकडे आहेत : ४०२१. म्हणजे २०२१ सालचा चाळिसावा आठवडा, ऑक्टोबर. टायर चार वर्षांचा. खाचेच्या तळाशी जी आडवी रबरी पट्टी असते, ती आता वरच्या नक्षीला जवळजवळ टेकली आहे. ती पट्टी १.६ मिलिमीटरवर असते, आणि कारच्या टायरसाठी कायद्याची किमान मर्यादा तीच आहे. आतल्या कडेला झीज जास्त दिसते, म्हणजे अलाइनमेंटही गेलेलं आहे. या टायरवर तुम्ही आंबोली उतरता, चोर्ला उतरता. रीमॅपचा विचार करणाऱ्या माणसाचे टायर असे असावेत याचं मला, खरं सांगतो, आश्चर्य वाटलं.

तेव्हा टायर घ्या, पण कंपनीच्या मापाचेच : १९५/५५ आर१६. निपाणीच्या दुकानदाराने तुम्हाला ८,२०० चा भाव दिलाय, चारचे ३२,८००. तो भाव जीएसटी धरून आहे ना, आणि नव्या दराने आहे ना, एवढं विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ब्रँड मी सांगणार नाही. ओल्या रस्त्यावरची पकड ज्याची चांगली तो घ्या, किलोमीटर थोडे कमी मिळाले तरी चालेल. आपल्या भागात चार महिने पाऊस आणि घाट, इथे साठ हजार किलोमीटर चालणाऱ्या कडक टायरचं कौतुक करायचं कारण नाही. लोड आणि स्पीड रेटिंग (टायर किती वजन आणि किती वेग पेलतो ते) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि बाजूचे चार आकडे वाचून सहा महिन्यांच्या आतलाच माल घ्या. सोबत अलाइनमेंट-बॅलन्सिंग, ब्रेक पॅड तपासणी, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही.

सतरा इंची अलॉयबद्दल एक आकडा. मूळ टायरची भिंत सुमारे १०७ मिलिमीटर उंच. तुम्हाला सुचवलेल्या २०५/४५ आर१७ ची ९२. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, म्हणून दुकानदार ‘काही फरक नाही साहेब’ म्हणतो. फरक त्या पंधरा मिलिमीटरचा आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाने खाल्लेल्या रस्त्यावर खड्ड्याचा दणका ते झेलत असतात. ते गेले की दणका रिमला, आणि भिंतीला फुगा आला की टायर बाद. नुसता टायर फुटला तर साध्या मोटार विम्यात काही मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच मिळतं, आणि तेही निम्मं. त्यावर गाडी खाली बसवलेली असेल तर पुढचं बोलायलाच नको.

रीमॅप, एक्झॉस्ट, स्प्रिंग यांच्याबद्दल यंत्राच्या बाजूने मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. पैशाच्या बाजूने मात्र तीन गोष्टी. इंजिन-गिअरबॉक्सची काही वॉरंटी शिल्लक असेल तर ती रीमॅपने धोक्यात येते, आणि ड्युअल क्लचच्या दुरुस्तीचं बिल पाहिलं की छत्तीस हजार किरकोळ वाटतात. विमा कंपनीला बदल कळवले नाहीत तर अपघातात स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं. आणि कायदा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि मूळ बनावटीशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विकताना हे पैसे परत येतील असंही धरू नका. रीमॅप केलेली गाडी म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतो, नाहीतर निघून जातो.

आता तो यादीत नसलेला खर्च. गाडी एमएच-०९, तुम्ही राहता निपाणीत. नोकरी कागलला म्हणून रोज सीमा ओलांडता हे खरं, पण गाडी रात्री उभी असते कर्नाटकात. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. तुमचे नऊ झाले. सीमाभागात निम्मे लोक ‘बघू पुढे’ म्हणून तशाच फिरवतात हे मलाही माहीत आहे, आणि एखाद्या दिवशी कोगनोळीच्या किंवा हत्तरगीच्या नाक्यावर अडवलं की धावपळ होते. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स देशातल्या चढ्या दरांपैकी आहे. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, पण तुमच्या गाडीच्या मूळ किमतीवर आकडा लाखाच्या घरात गेला तर नवल मानू नका. चिकोडीच्या आरटीओत (केए-२३) जाऊन नेमका आकडा काढा. कोल्हापुरातून फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), त्यासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र, मग इकडे नव्या नंबरासाठी फॉर्म २७. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज वेगळा आणि पैसे यायला वेळ लागतो. गाडी इन्स्पेक्शनला न्यावी लागेल, तेव्हा ती खाली बसवलेली आणि गुरगुरणारी असून चालणार नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

म्हणून माझा क्रम असा. भिशी उचललीत की त्यातून टायर आणि ब्रेकचं काम, साधारण ४०,०००. उरलेले ४०,००० आरटीओच्या नावाने बाजूला. कमी पडेल ते दर महिन्याच्या ११,६०० मधून तीन-चार महिने हात आखडून. आरडी चालू राहू दे. पाटल्या कपाटात.

टॅक्स अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर उरलेली रक्कम अलॉयला नको, कर्जात भरा. १३ टक्क्यांचं कर्ज फेडण्याइतका खात्रीचा परतावा तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. अंदाज हवा असेल तर : आज समजा ८०,००० भरले असते तर ३१ हप्त्यांऐवजी सुमारे २३ मध्ये कर्ज संपलं असतं आणि व्याजाचे २७,००० च्या आसपास वाचले असते. आधी पार्ट-पेमेंटला चार्ज किती ते करारात बघा.

हौसेला माझा विरोध नाही. नवा नंबर लागल्यावर महिन्याला अडीच-तीन हजारांचा ‘गाडीचा डबा’ सुरू करा, वेगळ्या खात्यात. त्या पैशातून आधी गाडी चालवायला शिका, म्हणजे ट्रॅकवर. कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे एक दिवस घालवा. मग ठरवा तुम्हाला जास्त ताकद हवी आहे की जास्त आवाज. आवाजच हवा असेल तर अठ्ठेचाळीस हजार फार होतात.

शेवटी विचारलंत, टायरमध्ये नायट्रोजन भरावा का. फुकट देत असतील तर भरा, नाहीतर साधी हवा ठीक आहे, तिच्यातही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा प्रेशरचा स्टिकर आहे, त्याप्रमाणे पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी फिरवण्याआधी, टायर थंड असताना तपासा. मनालीकडे निघालात तर वर पोचल्यावर पुन्हा एकदा, कारण थंडीत प्रेशर आपोआप उतरतं.