परक्या मैदानावर निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा फुटबॉल संघ गुणतालिकेच्या तळाशी आहे, कित्येक आठवडे त्याला विजयाचे तोंड दिसलेले नाही, आणि पुढचा सामना परक्या मैदानावर, तोही वरच्या क्रमांकाच्या संघाशी आहे. अशा सामन्यासाठी प्रवासात अख्खा दिवस घालवावा का, असे तू विचारले आहेस. अवश्य जावे, असे माझे मत आहे. मात्र कशासाठी जायचे हे आधी मनाशी पक्के करावे. केवळ विजय पाहायला निघालेला पाठीराखा पहिल्याच गोलाला खचतो, आणि ज्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी तो एवढ्या लांब आलेला असतो, त्यांच्यावरच त्याचा राग निघतो.

घरच्या मैदानाचा फायदा ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, जर्मनीतील बुंडेसलिगा ही अव्वल फुटबॉल साखळी स्पर्धा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा यजमानांच्या विजयांचे प्रमाण बरेच घटले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ चा हंगाम बहुतांशी प्रेक्षकांविना झाला आणि त्यातील ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४, तर पाहुण्यांनी १५३ जिंकले. एरवी पाहुण्या संघाच्या वाट्याला पिवळी कार्डे, म्हणजे पंचांच्या ताकिदी, अधिक येतात. ती तफावतही त्या काळात बरीच कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. याचा अर्थ असा की गर्दीचा दबाव खेळाडूंवर पडतो तसा पंचांवरही पडतो, आणि तुझा संघ त्या दिवशी अकरा जणांपेक्षा अधिक कशाशी तरी झुंजणार आहे.

त्याच्या बाजूने स्टेडियममध्ये असते ती फक्त पाहुण्या पाठीराख्यांची एक तुकडी. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना ३,००० जागा किंवा लहान स्टेडियम असल्यास क्षमतेच्या १० टक्के जागा मागता येतात. बुंडेसलिगातही साधारण १० टक्क्यांचाच नियम आहे. एवढ्या माणसांनी उरलेल्या गर्दीचा आवाज दाबून टाकावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण प्रबळ संघाचे प्रेक्षक तळाच्या संघाविरुद्ध सहज विजयाची खात्री बाळगून आलेले असतात, हे लक्षात ठेव. अर्ध्या तासानंतरही गोलफलक कोरा राहिला की त्यांची चुळबुळ सुरू होते, चुकलेल्या पासला उसासे ऐकू येऊ लागतात, आणि त्या अस्वस्थ शांततेत तुम्हा थोड्या लोकांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्पष्ट पोहोचतो. गळा त्या वेळेसाठी राखून ठेवावा. सुरुवातीच्या दहा मिनिटांत घसा बसवून घेणारे पाठीराखे मी बरेच पाहिले आहेत, आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्यांच्याजवळ काही उरलेले नसते.

तुझी जागा बहुधा गोलच्या मागे किंवा कोपऱ्यात असेल. तिथून ऑफसाइडचा, म्हणजे पास देण्याच्या क्षणी खेळाडू बचावफळीच्या फार पुढे होता का याचा, निर्णय बरोबर की चूक हे कळणे जवळजवळ अशक्य असते, तेव्हा त्यावरून पंचांशी भांडण्यात जीव शिणवू नकोस. दूरदर्शनवर न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी मात्र त्याच जागेवरून दिसतात. प्रतिस्पर्ध्यांची चढाई मोडून चेंडू दूर मारला गेला की तुझ्या संघाची बचावफळी चार पावले पुढे सरकते, की आहे तिथेच थांबते, हे पाहा. पराभवांना सरावलेला संघ थांबतो. मग बचावफळी आणि मधली फळी यांत मोठी मोकळी जागा पडते आणि परतून आलेला चेंडू प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. आत्मविश्वास गमावलेला खेळाडू लपतोही: पळत तर असतो, पण प्रतिस्पर्ध्याच्या आड असा राहतो की त्याच्याकडे पास यायलाच नको. उलट, दोन गोलांनी मागे असतानाही एखादा मध्यरक्षक पुन्हा पुन्हा मोकळ्या जागेत येऊन, दोन्ही हात पायांशी दाखवत चेंडू मागत राहतो. तो चुकला तरी टाळी त्याच्यासाठी वाजव. अशा वेळी चेंडू मागणे हेच धाडस असते, आणि मैदानावर ते ओळखणारे कुणीतरी आहे हे त्याला कळले पाहिजे.

गोल झाल्यावर गोलरक्षकाकडेही पाहा. सामन्याच्या एका अर्ध्या भागात तो तुझ्यापासून काही पावलांवर असेल. जाळ्यातून चेंडू काढताना तो कुणावर खेकसतो, की चुकलेल्या बचावपटूजवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवून दोन शब्द बोलतो, यावरून संघ आतून कितपत शाबूत आहे याचा अंदाज मला गुणतालिकेपेक्षा अधिक नेमका येतो.

शिव्या देऊ नकोस आणि शेवटच्या शिट्टीपूर्वी उठू नकोस. या दोन बाबतींत मी आग्रही आहे. तक्रार असणे रास्त आहे: खेळाडूंची चुकीची खरेदी, बेफिकीर मालक, प्रशिक्षकांची धरसोड यांबद्दल पाठीराख्यांनी बोललेच पाहिजे, आणि तेही संघटितपणे, क्लबच्या कारभाऱ्यांसमोर. पण सामना चालू असताना एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्याच माणसांनी धारेवर धरले, तर त्याचा पुढचा पास अधिकच बिचकत जातो. सामन्यानंतर खेळाडू तुमच्या स्टँडकडे येतील. काही जण डोक्यावर हात उंचावून टाळ्या वाजवतील, काहींची नजर वर उठणार नाही. त्या वेळी तिथे थांबणाऱ्यांची आठवण खेळाडूंना राहते. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००९ मध्ये टॉटनहॅमकडून ९-१ असा पराभव झाल्यावर विगनच्या खेळाडूंनी, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये साउथहॅम्प्टनकडून ८-० ने हरल्यावर संडरलंडच्या खेळाडूंनी, प्रवास करून आलेल्या पाठीराख्यांच्या तिकिटांचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले. पैशांपेक्षा मला त्यातील ओशाळेपणा मोलाचा वाटतो. आपल्यासाठी कुणी आले होते, याची जाणीव त्यात आहे.

व्यवहाराचे थोडेसे. तिकीट आपल्या क्लबच्या कोट्यातूनच घे. संघाचे रंग अंगावर घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसणे धोक्याचे ठरू शकते, आणि अनेक ठिकाणी त्यासाठी बाहेर काढतात. काही देशांत पोलीस पाहुण्या पाठीराख्यांना सामन्यानंतर बराच वेळ आतच थांबवतात, तेव्हा परतीची गाडी अगदी लगेचची ठरवू नकोस. पहिल्यांदा जाताना नेहमी जाणाऱ्या जाणत्या मंडळींबरोबर जा. ही जागा गृहीतही धरू नकोस: हिंसाचारामुळे अर्जेंटिनाने २०१३ मध्ये पाहुण्या पाठीराख्यांना स्टेडियमबंदी केली आणि तेथील संघांना वर्षानुवर्षे परक्या मैदानावर एकटे खेळावे लागले.

आता आशेविषयी, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. २००७-०८ मध्ये डर्बी काउंटीने प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत एकच विजय मिळवला, एकूण ११ गुण कमावले, आणि परक्या मैदानावरच्या १९ सामन्यांपैकी एकही जिंकला नाही. तरीही प्रत्येक सामन्याला त्यांची माणसे होती, आणि त्यांचे जाणे वाया गेले असे मी म्हणणार नाही. याउलट २०१४-१५ मध्ये लेस्टर सिटी २९ सामन्यांनंतर १९ गुणांसह तळाशी होता. ११ एप्रिल २०१५ रोजी वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर तो २-१ ने मागे असताना रॉबर्ट हुथने बरोबरी साधली आणि जेमी वार्डीने भरपाई वेळेत विजयी गोल केला. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून तो संघ खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचला. यांपैकी कोणता हंगाम तुझ्या वाट्याला आहे हे आज सांगता येणार नाही, आणि निघण्यासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

या हंगामात आणखी एखादाच प्रवास जमणार असेल, तर तो नामांकित संघाविरुद्धच्या सामन्यासाठी राखून ठेवू नकोस. गुणतालिकेत तुमच्या लगतच असलेल्या संघाच्या मैदानावर जा. तिथे जिंकले तर तीन गुण आपल्याला मिळतात आणि तेच प्रतिस्पर्ध्याच्या हातून जातात, त्यामुळे दोन्ही संघ घाबरलेले असतात आणि पाठीराख्यांचा आवाज सर्वाधिक उपयोगी पडतो. अशा सामन्याची तिकिटे लवकर संपतात. तेव्हा वेळापत्रक आजच पाहा आणि विक्री कधी सुरू होणार, याची क्लबकडे चौकशी करून ठेव.

तुझा,
एक जुना पाठीराखा