अष्टपैलू गायक विनोदी कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला, तर त्याच्या गाण्याची किंमत कमी होते का?

तुमचा प्रश्न असा आहे, की सुदेश भोसले यांच्यासारखा गायक टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात येतो, नटांचे आवाज काढतो, लोक हसतात, मध्ये दोन ओळी गातो आणि भाग संपतो. हे बघून वाईट वाटतं, यात त्याच्या गाण्याचा मान जात नाही का? शिवाय तुमचा धाकटा भाऊ ऑर्केस्ट्रात गातो, त्याच्याकडेही सारखी नकलांचीच मागणी असते, तर त्याने त्या बंद कराव्यात का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात कीबोर्ड वाजवतो. ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, हळदीची रात्र, सगळीकडे. माझं आयुष्य गायकाच्या शेजारी बसण्यात गेलंय, म्हणून ठामपणे सांगतो: मान अजिबात जात नाही. गळ्यात किती तयारी आहे हे विनोदी कार्यक्रमात जेवढं कळतं, तेवढं ठरवून केलेल्या मैफलीतही कळत नाही. माझी तक्रार आहे, पण ती वेगळ्याच गोष्टीबद्दल. ती पुढे लिहितो.

आधी हे बघा की अशा कार्यक्रमात गायकाला कशात उतरवतात. गप्पा चालू असतात, कोणीतरी म्हणतं, 'सर, ते गाणं होऊन जाऊ दे.' ना ट्रॅक, ना तालीम, ना कानात सूर. मघापासून तो मोठमोठ्याने हसत असतो, म्हणजे गळाही जागेवर नसतो. तो पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, न मागताच सुरू करतो. अशा वेळी कीबोर्डवाल्याच्या हाताकडे बघा. पहिल्या ओळीला तो गप्प असतो. आवाज अगदी बारीक करून एखादा स्वर दाबतो, काळी दोन आहे की पांढरी तीन, म्हणजे कुठल्या पट्टीचा सूर धरलाय, याचा अंदाज घेतो. दुसऱ्या ओळीला पट्टी सापडते, ट्रान्सपोज फिरतो, म्हणजे कीबोर्ड त्या पट्टीला लावला जातो, आणि तिसऱ्या ओळीला कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले दोन-तीन स्वर, लागते. गायक कच्चा असेल तर तेवढ्यात तो थोडा तरी उतरलेला असतो, आणि कॉर्ड लागल्या लागल्या ते सगळ्यांना ऐकू येतं. पक्का असेल तर कॉर्ड त्याच्या आवाजाखाली बरोबर बसते आणि प्रेक्षकांना वाटतं, हे सगळं आधी ठरलेलंच होतं.

त्यात हशाची भर. हशा आला की शब्द बुडतो. गायकाला थांबावं लागतं, पण ठेका मनात चालूच ठेवावा लागतो आणि हशा ओसरल्यावर नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय टाकावा लागतो. पट्टीच्या विनोदी नटाला हे जमतं, कारण त्याचं सगळं पोटच त्या थांबण्यावर असतं. गायकालाही ते जमलं, तर माझ्या लेखी तो मोठा कलावंत.

आता सुदेश भोसले यांच्याबद्दल. आग्रा घराण्याच्या दुर्गाबाई शिरोडकर या त्यांच्या आजी. वडील सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, आणि सुदेशजींनी स्वतःही ती रंगवली आहेत. ऑर्केस्ट्रातून ते वर आले. आर. डी. बर्मन यांनी 1988 च्या 'जलजला'साठी त्यांना पार्श्वगायनाची संधी दिली आणि 1991 मध्ये 'हम' चित्रपटातलं 'जुम्मा चुम्मा' आलं. ते अमिताभ बच्चन यांनीच गायलंय असं कितीतरी लोकांना अनेक वर्षं वाटत होतं. संजीवकुमार गेल्यानंतर त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'प्रोफेसर की पडोसन'मध्ये त्यांना आवाज दिला तोही सुदेशजींनीच. गेलेल्या नटाची भूमिका ज्या नकलेने पुरी झाली, त्या नकलेला हलकं कसं म्हणायचं?

आणि गाण्यातली नकल बोलण्यातल्या नकलेपेक्षा फार अवघड असते. बच्चनसाहेबांचं एखादं वाक्य खर्जात, अगदी खालच्या सुरात, म्हणून टाळ्या घेणारे आमच्या प्रत्येक पेठेत दोन-चार निघतील. पण तो जाड, छातीतला आवाज घेऊन वरच्या सप्तकात जाऊन बघा. स्वर चढला की आवाज पातळ होतो आणि नकल तिथेच सुटते. ती सुटू न देता, ठेक्यावर, नाचाच्या लयीत अख्खं गाणं पेलायचं, हे निव्वळ गळ्याचं काम आहे. सुदेशजी सचिनदेव बर्मन यांच्या आवाजातही गातात. तो आवाज अगदी उलट जातीचा: नाकातला, लांबून घातलेल्या हाकेसारखा. कार्यक्रमात ते एका आवाजातून दुसऱ्यात जातात तेव्हा मधल्या श्वासाकडे लक्ष द्या. श्वास घेतानाच जबडा, जीभ, खांदे, सगळं बदललेलं असतं. प्रेक्षक चेहरा बघून हसतो, पण काम आत चाललेलं असतं.

सोनू निगम यांचा प्रकार आणखी वेगळा. कपिल शर्मा यांच्या कार्यक्रमात ते आले की नटांपेक्षा दुसऱ्या गायकांच्या लकबी जास्त रंगतात: कोण शब्द कुठे दाबतो, कोणाची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी, कोण ओळ कुठे सोडतो. हे ऐकताना मला त्यांचा अभ्यास दिसतो. दुसऱ्याचं गाणं इतकं बारकाईने ऐकल्याशिवाय ते गळ्यातून येत नाही. यात चेष्टा कमी आणि आदर जास्त असतो, असं माझं मत आहे.

गाणं आणि हसणं यांना वेगवेगळ्या पंक्तीला बसवायची सवय आपल्याला हल्लीच लागली. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग हे सगळं एकाच रात्री, एकाच फडावर व्हायचं. गवळणीत सोंगाड्या मावशीला आडवा यायचा, आणि त्यानंतर गाणारीला तितक्याच सुरात लावणी उचलावी लागायची. आमच्या सोलापूरचे शाहीर राम जोशी हे उत्तर पेशवाईतले. संस्कृत शिकलेले, घरात जोशीपण आणि पुराण सांगण्याची परंपरा. त्यांनी लावण्या रचल्या, तमाशाच्या फडावर उभे राहिले आणि कीर्तनही केलं. दोन्हीकडे लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. एकाच माणसाच्या तोंडी शृंगार, उपदेश आणि थट्टा शोभत असे, हे या गावाला दोनशे वर्षांपासून माहीत आहे.

हिंदी सिनेमातला एकच दाखला देतो. 1962 च्या 'हाफ टिकट'मध्ये किशोरकुमार यांनी एकाच युगलगीतात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज दिले. प्रसंग अगदी पोट धरून हसायचा, पण गायला बसलं की घाम फुटतो.

सोलापुरात तर अष्टपैलू असल्याशिवाय गायकाचं चालतच नाही. एका रात्रीत मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अशा चारही फर्माइशी येतात. पूर्व भागात, साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक या बाजूला कार्यक्रम असला की एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं गाणं व्हायलाच पाहिजे. पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या, घरांतले म्हातारे लोक ते ऐकायला पहिल्या रांगेत येऊन बसतात. एसपींचं वैशिष्ट्यच ते होतं: पडद्यावर कोण आहे त्याप्रमाणे ते आवाजाची ठेवण बदलायचे. कमल हासन यांच्या चित्रपटांना तेलुगूत आवाजही त्यांनी दिला. म्हणजे हजारो गाणी गाणारा माणूस मनाने नटही होता. तिथे कोणाला ते कमीपणाचं वाटलं नाही. एसपींचं नाव निघालं की आजही लोक कानाला हात लावतात.

आता माझी तक्रार. नकला करायला लावतात याचं मला काही वाटत नाही. गाणं पुरं होऊ देत नाहीत, याचं वाटतं. मुखडा झाला की टाळ्या, टाळ्यांवर सूत्रसंचालकाचं वाक्य, आणि अंतऱ्याला कात्री. गाण्याची चाल कुठे उलगडते? अंतऱ्यात. वरचा सूर, शब्दांचा अर्थ, परत मुखड्यावर यायची वाट, सगळं तिथेच असतं. ते कापलं की प्रेक्षकाला गायकाची ओळख अर्धवटच होते आणि मग घरी बसलेल्या तुमच्यासारख्या रसिकाला वाटतं, हा तर नुसता आवाज काढणारा. याची कारणंही आहेत, हे मला माहीत आहे. एका भागात चार-पाच पाहुणे, बऱ्याचदा नव्या चित्रपटाची प्रसिद्धी, प्रत्येकाला वेळ द्यायचा. पूर्ण गाणं वापरायचं तर हक्कांचा प्रश्न येतो, पैसे येतात. तरीही सांगतो, एका भागात एक गाणं, दोन अंतऱ्यांसकट, एवढी जागा काढता येते. 'चला हवा येऊ द्या'त पोस्टमन झालेले सागर कारंडे पत्र वाचायचे, आठवतं? थुकरटवाडीचा सगळा गोंधळ थांबायचा आणि आत्ता हसणारे लोक डोळे पुसायचे. विनोदी कार्यक्रमात गंभीर जागा चालते, प्रेक्षक ती उचलून धरतो, हे त्या पत्रांनी दाखवून दिलं. गाण्यालाही तीच जागा द्या, एवढंच मागणं आहे.

आमच्या हुतात्मा स्मृती मंदिरात एका कार्यक्रमाला मी साथीला होतो. पाहुणे गायक एक जुनं भावगीत गात होते आणि निवेदक मध्येच नकल मागत होता. तेव्हा एक आजोबा खुर्चीवरून उठून म्हणाले, 'गाणं पुरं होऊ द्या की ओ, नकला मागनं बघू!' सभागृहाने टाळी दिली. गायकाने हात जोडले, डोळे मिटले आणि अंतरा घेतला. काळी एकमध्ये होतो आम्ही. तारसप्तकात तो जो सूर लागला, त्याखाली कॉर्ड धरायला सुद्धा मला संकोच वाटला, हात उचलून नुसता ऐकत बसलो. नंतर नकलाही झाल्या, आणि आधीपेक्षा जास्त रंगल्या, कारण हा माणूस काय ताकदीचा आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

म्हणून तुमच्या भावाला नकला सोडायला सांगू नका. क्रम बदलायला सांगा. पहिली दोन गाणी स्वतःच्या आवाजात, तीही अंतऱ्यासह. नकलांचा आयटम मध्यंतरानंतर. आल्या आल्या बच्चनसाहेबांचा आवाज काढला की पुढे रात्रभर लोक तेवढंच मागतात. भक्तिगीतात चुकूनही नकल नको. जाड, घोगरे आवाज लागोपाठ काढू नयेत, मध्ये एखादं मोकळ्या गळ्याचं गाणं घ्यावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. सकाळी खर्जाचा रियाज स्वतःच्याच आवाजात करावा. ज्याच्या आवाजाची नकल करतो त्याच्या आवाजात करू नये, नाहीतर हळूहळू तीच ठेवण गळ्याला चिकटते. अशी चांगली पोरं मी बघितली आहेत, ज्यांना आता साधा 'सा' सुद्धा स्वतःचा लावता येत नाही.

आणखी एक: बिदागी ठरवताना नकलांचा आयटम वेगळा धरायला सांगा. 'जाता जाता दोन आवाज काढ की' असं म्हणून ते फुकटात काढून घेतात. आणि कधी सोलापूरला कार्यक्रम मिळाला, तर एक तेलुगू आणि एक कन्नड गाणं बसवूनच यायचं. फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतातच.